पाहुणी बादलीला तोंड लावत नाही

घशाच्या डॉक्टरांनी आत्याला बोलायची बंदी घातली, हे घरात कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. गोठ्यातल्या वासरांच्या मात्र पहिल्याच सकाळी आलं.

घरात आत्या मुळात बोलायचीच कमी. लग्न होऊन गेली आणि वर्ष फिरायच्या आत परत आली, तेव्हापासून धाकट्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या घरात तिनं "हो", "चालेल" आणि "तुला हवं तसं" एवढ्या तीन उत्तरांवर दिवस काढले होते. भाजी खारट झालीय का, तर "चालेल". तिची उन्हाची खोली काढून कोठाराशेजारची दिली, तर "तुला हवं तसं". वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आमच्या वन्संच्या तोंडून कधी उणा शब्द नाही." म्हणून तर डॉक्टरांनी घशात आरसा घालून, या बाई शाळेत शिकवतात की लिलाव पुकारतात, असं विचारलं तेव्हा वहिनीला रागच आला.

"वासरं सांभाळतात," ती म्हणाली.

"हा घसा रोज तासन्‌तास ओरडणाऱ्या माणसाचा आहे."

"मग तुमचं बघण्यात काहीतरी चुकलंय. परत बघा."

डॉक्टरांनी परत बघितलं आणि परत तेच सांगितलं. मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आत्या खाली मान घालून गळ्याभोवती मफलर गुंडाळत राहिली. घसा कशानं बसलाय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

माणूस कितीही गरीब स्वभावाचा असला तरी गिळलेले शब्द कुठंतरी बाहेर काढावेच लागतात. आत्या ते वासरांच्या गोठ्यात काढायची. सकाळ-संध्याकाळ शेजारच्या शेडमध्ये दूध काढायची यंत्रं सुरू झाली, की त्यांच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. तेवढ्यात आत्या दूध कोमट करायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायची आणि पहिल्या कप्प्यातल्या वासराच्या तोंडात दोन बोटं घालता घालता सुरू व्हायची. वहिनीचा हात किती आखडता, अण्णाला समोरचं माणूस कसं दिसत नाही, थोरला भाचा स्वतःला काय समजतो, खारट भाजी, कोठाराशेजारची खोली, सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. यंत्रांच्या वर आवाज चढवावा लागायचा, म्हणून घशाच्या शिरा ताणून. शेवटच्या कप्प्यातली बादली रिकामी होईपर्यंत तिचंही मन रिकामं झालेलं असायचं, आणि घरात जाऊन ती "चालेल" म्हणायला मोकळी व्हायची. वासरांना जन्मल्या दिवसापासून चीक पाजला गेला तो तिच्या बोटांवरून आणि तिच्या या आवाजाबरोबर. त्यांच्या दृष्टीनं दूध आणि कुरकुर ही एकत्रच येणारी गोष्ट होती.

कुरकुर थांबली आणि वासरांनी बादल्यांकडं पाठ फिरवली.

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, हगवण नाही, शेण चांगलं. "वासरांना काही झालेलं नाही," ते हात धुता धुता म्हणाले. "त्यांचं मन लागत नाहीये. ओळखीचा आवाज हरवलाय त्यांचा." बाकीची थोडंफार चाटत तरी होती, पण शेवटच्या कप्प्यातली पाहुणी बादलीला तोंडच लावत नव्हती. दिवस भरायच्या आधी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना जन्मली म्हणून तिचं नाव पाहुणी. आधीच मूठभर जीव, त्यात आता कुल्ले आत गेलेले. डॉक्टरांनी तिला नळीनं दूध पाजलं आणि बजावलं, की हे तात्पुरतं आहे. वासराला रोज नळीनं जगवता येत नाही.

त्याच दिवशी चहाच्या टेबलावर अण्णांनी निकाल दिला.

"रविवारी व्यापारी गाडी घेऊन येतोय. सगळी वासरं देऊन टाकायची. यापुढं वासरू झालं की चीक पाजायचा आणि विकायचं. गाई लागतील तेव्हा तयार आणू."

"मी कधीपासून हेच म्हणतोय," त्यांचा थोरला मुलगा बशीत चहा ओतत म्हणाला. दूध काढायची यंत्रं आणि यंत्रांबद्दलची मतं ही त्याच्याकडं होती. "दूध तुटेपर्यंत एकेका वासराचं एवढं करायचं आणि सगळं एका माणसाच्या घशावर. घसा बसला की धंदा बसला. याला काय अर्थ आहे?"

"आणि वन्सं?" वहिनी म्हणाली.

"ताई शहरात राहील, आमच्या सगळ्यांत धाकट्या भावाकडं. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे. आराम करील."

आत्यानं हाताचा पंजा वर केला. तिला म्हणायचं होतं, थांबा.

"बघा, आत्या म्हणतेय पाच दिवस कशाला थांबायचं," थोरला म्हणाला.

"काहीतरीच. पाच वासरं ठेवा म्हणतायत त्या," वहिनी म्हणाली.

"तिला चहा नकोय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिचा अर्धा भरलेला कप उचलून मोरीत नेऊन ठेवला.

धाकट्या सुनेला, म्हणजे दुधाची गाडी चालवणाऱ्या धाकट्या मुलाच्या बायकोला, तेवढं सुचलं. तिनं कागद आणि पेन्सिल आणून आत्यापुढं ठेवली. अण्णा परत येऊन बसले. "हां, लिही. तुझं काय म्हणणं आहे ताई?"

सगळे तिच्या हाताकडं बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा या टेबलावर तिचं म्हणणं विचारलं जात होतं. आत्याला लिहायचं होतं की मला लिफ्ट नको, मला माझा गोठा हवा. पण हाताला त्याची सवय नव्हती. पेन्सिल कागदावर टेकली आणि इतकी वर्षं जे ओठांवर यायचं तेच कागदावर उतरलं. तुला हवं तसं.

"झालं तर मग," अण्णा म्हणाले, पण त्यांनी तो कागद जरा जास्तच वेळ हातात धरला. आत्याला स्वतःच्या हाताचा इतका राग आला, की तिनं तो टेबलाखाली मांडीवर दाबून धरला.

धाकटी सून लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. आत्याला आराम म्हणून वासरांचं काम तात्पुरतं तिच्याकडं आलं होतं आणि ती ते तिच्या पद्धतीनं करत होती. "कोण शहाणं बाळ आधी दूध पिणार? माझी सोनी की माझी मनी?" असं ती दर कप्प्यापुढं वाकून विचारायची. वासरं तिच्याकडं विम्याचा एजंट दारात यावा तशी बघायची. गोड बोलणाऱ्या माणसाचा त्यांना अनुभव नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या खुराकाच्या पोत्यावर बसून हा प्रकार बघत होती. बोटं तोंडात कशी घालायची, वासरू बोटं चोखायला लागलं की हात हळूच दुधात कसा उतरवायचा आणि मग बोटं कशी काढून घ्यायची, हे तिनं खुणांनी शिकवलं होतं आणि मुलीनं ते बरोबर उचललं होतं. शिकवायचं राहिलं होतं ते एकच, आणि ते खुणांनी सांगता येण्यासारखं नव्हतं. कागदावर लिहिता आलं असतं, पण काय लिहिणार? वासरांना तुम्हा सगळ्यांच्या चहाड्या ऐकत प्यायची सवय आहे, हे कुठल्या तोंडानं लिहायचं?

एवढ्यात ढोली नावाच्या वासरानं बादलीला डोकं मारलं. निम्मं दूध धाकटीच्या गमबुटात गेलं.

"झालं," ती गमबूट उपडा करत पुटपुटली. "आता हा गरम पाण्यानं धुवायचा. म्हणजे पुन्हा सासूबाई विचारणार, एवढं गरम पाणी कशाला लागतं तुला? स्वतः अंघोळीला गेल्या की अर्धा तास बाहेर येत नाहीत. मागून जाणाऱ्याला बर्फ."

ढोलीचे कान वळले. तिनं बादलीत तोंड घातलं.

"अगं बाई," धाकटी म्हणाली आणि गप्प झाली. ढोलीही थांबली. धाकटीनं तिच्याकडं पाहिलं, मग आत्याकडं, आणि मग जरा अंदाज घेत म्हणाली, "आणि टॉवेल जिथं वाळत घालतात तिथं दुसऱ्याचा चालत नाही." ढोली पुन्हा प्यायला लागली. "नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, आई आहे, सांभाळून घे. तू सांभाळून घे की. तुझी आहे." चूस चूस करत बादली तळाला गेली.

पलीकडच्या कप्प्यातली, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली चष्मेवाली दांडीवरून मान काढून ऐकत होती.

धाकटी बादली खाली ठेवून आत्यासमोर येऊन उभी राहिली. यंत्रांची घरघर चालू होती. तिनं एकदा यंत्रांच्या दिशेनं पाहिलं, एकदा आत्याच्या मफलरकडं.

"आत्या, तुम्ही इथं रोज काय बोलता?"

आत्यानं खुराकाचं पोतं कुठं उसवलंय का ते तपासायला घेतलं.

"आमच्याविषयी बोलता?"

पोतं कुठंच उसवलेलं नव्हतं.

"माझ्याविषयीसुद्धा?"

आत्यानं अंगठा आणि तर्जनी अगदी जवळ आणून दाखवली. एवढंसं. धाकटी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता पोत्यावर आत्याच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली. आत्याला कानकोंडं झालं होतं, पण बरंही वाटत होतं. घरात येऊन धड वर्षही न झालेल्या मुलीनं तिचं सगळ्यांत मोठं गुपित हुडकून काढलं होतं आणि आकाश काही कोसळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ढोली प्याली, चष्मेवाली प्याली, सगळी ओळ प्याली. पाहुणी मात्र नाही. धाकटीनं तिच्यापुढं टॉवेल, गरम पाणी, नवरा, सगळं परत एकदा ओतलं. पाहुणीनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. धाकटीच्या तक्रारी अजून कोवळ्या होत्या. पाहुणीला मुरलेलं काहीतरी हवं होतं.

धाकटी गमबूट धुवायला गेली तेव्हा आत्या पाहुणीच्या कप्प्यात उतरली, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि न राहवून म्हणाली, "पी गं." आवाज आला. खरखरीत होता, पण तिचा होता. पाहुणीनं झटक्यात मान वर केली.

आत्यानं तोंडावर हात ठेवला. आणखी चार वाक्यं बोलली असती तर पाहुणी बादली चाटूनपुसून ठेवणार होती. पण मग थोरल्याचंच खरं झालं असतं. सगळं एका माणसाच्या घशावर. गोठा टिकवायचा तर ही वासरं दुसऱ्यांच्या हातून प्यायला हवी होती, आणि त्यासाठी तिला तोंडात मिठाची गुळणी धरून बसायला हवं होतं. ती पाहुणीचं कपाळ खाजवून तशीच बाहेर आली. त्या दिवशी आणि पुढं शनिवारपर्यंत नळीच घालावी लागली, आणि पोरीच्या जिवाचं आपण काय मांडलंय म्हणून आत्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

रविवारी सकाळी धाकटीनं सगळ्यांना गोठ्यात बोलावून घेतलं. व्यापाऱ्याची गाडी यायला अवकाश होता.

"वासरं पितात," तिनं जाहीर केलं. "माझ्या हातून पितात."

"आणि उद्या तू माहेरी गेलीस तर?" थोरला म्हणाला. "एक घसा गेला, दुसरा आला. मुद्दा तोच."

"ते बरोबर आहे," अण्णा म्हणाले. थोरल्यानं त्यांच्याकडं जरा दचकूनच पाहिलं.

"म्हणून सगळ्यांनी पाजायचं. आत्ता. घरातल्या कुणाच्याही हातून प्याली तर ठेवाल ना, अण्णा?"

अण्णांनी आत्याकडं पाहिलं. ती उपड्या टबावर बसली होती आणि तिचा चेहरा मफलरात नाकापर्यंत बुडालेला होता. "बघू," ते म्हणाले.

मग धाकटीनं पद्धत सांगितली. दूध किती कोमट, बादली कुठं धरायची, आणि बोलायचं काय. आत्याचं नाव तिनं घेतलं नाही. मला असा शोध लागलाय, एवढंच म्हणाली. मग तिनं जाऊन यंत्रं सुरू केली, म्हणजे ज्याला त्याला आडोसा मिळावा.

"मी कुणाविषयी वाईट बोलत नाही," वहिनीनं बादली हातात घेत सांगितलं. "मला नाही जमायचं."

तिची बादली सगळ्यांत आधी रिकामी झाली. घरघरीच्या वर चढलेला तिचा आवाज उपड्या टबापर्यंत लख्ख पोचत होता.

"आता यांच्याच बहिणीचं घे. सगळं गाव म्हणतं, नणंद असावी तर अशी. आणि मी? मी कायमची भांडखोर. त्या गप्प, म्हणून माझाच आवाज मोठा. अगं, मी लग्न होऊन आले ती टोमण्यांची तयारी करून आले होते. एकेक उत्तर पाठ केलं होतं. सगळं वाया गेलं. एकदा तरी माझ्याशी बरोबरीनं भांडायचं ना. उन्हाची खोली काढून घेतली तेव्हा मी दोन दिवस वाट बघितली, आता बोलतील, मग बोलतील. बोलल्या असत्या तर दिली असती परत. नाही बोलल्या. मग मी तरी कशी देऊ?"

आत्या मफलरात आणखी खाली सरकली. त्या खोलीवरून वहिनीला दिलेली एकेक शेलकी उत्तरं तिला आठवत होती. ती सगळी ऐकणाऱ्या कालवडी केव्हाच मोठ्या होऊन पलीकडच्या शेडमध्ये रवंथ करत होत्या.

थोरला चष्मेवालीपुढं अवघडून उभा होता. आधी तो यंत्रांच्या सुट्या भागांविषयी बोलला. चष्मेवालीनं दाद दिली नाही. मग त्यानं घसा साफ केला.

"बाबांचं सांगू का? मी पूर्व म्हटलं की ते पश्चिम म्हणणार. मी नवीन शेड म्हटलं, जुनीच डागडुजी झाली. लाल ट्रॅक्टर म्हटलं, निळा आला. म्हणून या वेळी मुद्दाम म्हटलं, विका वासरं. म्हटलं, आता हे हट्टानं ठेवतील. तर जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. मला काय करायचंय वासरं विकून? लहानपणी शाळेतून आलो की मी यांच्या कप्प्यात झोपायचो."

चष्मेवालीनं बादलीतून तोंड काढलं तेव्हा तिच्या मिशांना फेस होता. थोरल्यानं मान वर केली तर समोर अण्णा.

"मग तसं सांगायचं," अण्णा म्हणाले.

"सांगितलं असतं तर विकली असती."

वहिनी म्हणाली, "मुलगा बरोबर बोलतोय," आणि इतके दिवस नवऱ्याच्या बाजूनं असलेली बाई भर गोठ्यात मुलाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. धाकटी तर तिथं आधीपासून होती. तेवढ्यात फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"एकच राहिली," धाकटी म्हणाली आणि तिनं पाहुणीची बादली अण्णांच्या हातात दिली.

अण्णा पाहुणीच्या कप्प्यात वाकून शिरले. गोठ्याचा मालक, पण वासराला बादली धरून त्यांना किती वर्षं झाली होती त्यांनाच आठवत नव्हतं. बोटं तोंडात घातली, हात दुधात उतरवला, बोटं काढून घेतली. पाहुणी बोटांमागून वर आली आणि दूध खालीच राहिलं.

"बोला ना," धाकटी म्हणाली.

"काय बोलू? माझी कुणाविषयी तक्रार नाही."

"अहो, घरातल्यांविषयी. असेल की काहीतरी."

अण्णा दुधाच्या भावाविषयी बोलले. कडब्याच्या भावाविषयी बोलले. ज्या रस्त्यावर त्यांच्या धाकट्या मुलाची दुधाची गाडी दर आठवड्याला पंक्चर होते, त्या रस्त्याच्या कंत्राटदाराविषयी तर बरेच बोलले. पाहुणी त्यांच्या पँटीचा खिसा चोखत राहिली. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. टबावर बसलेल्या आत्याला वाटलं, संपलं. हा माझ्यासारखाच. एकाच आईची आम्ही पोरं, सगळं पोटात ठेवणारी. मला निदान वासरं तरी होती.

मग अण्णा बादली घेऊन गवतावर मांडी घालून बसले आणि पाहुणीकडं न बघता बोलायला लागले.

"ही ताई. इतकी वर्षं माझ्या घरात आहे, पण कधी काही मागितलं नाही. माणसानं काहीतरी मागावं की नाही? साधी चप्पल तुटली तर तारेनं बांधते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. वडील गेले तेव्हा सगळं हिनं उरकलं, माणसांचं बघितलं, गुरांचं बघितलं. म्हणून मला रडायला तरी वेळ मिळाला. आणि ही कधी रडली ते मला अजून माहीत नाही."

पाहुणीनं खिसा सोडला.

"घसा बसलाय हे डॉक्टरनं सांगितलं. हिनं नाही सांगितलं. रोज भल्या सकाळी थंडीत गरम पाण्याची बादली घेऊन इथं येते, मी खिडकीतून बघतो. एका कुशीला झुकून चालते आता. मला बघवत नाही. म्हणून म्हटलं, वासरंच नकोत. वासरं असली की ही येणार. पण हिला विचारलं तर काय, तुला हवं तसं. लिहायला दिलं तरी तेच. मला काय हवं ते मला माहीत आहे गं. तुला काय हवं? एकदा तरी नाही म्हण. एकदा तरी म्हण, अण्णा, तू चुकतोयस."

पाहुणी पीत होती. आधी जिभेनं, मग तोंड घालून, मग शेपटी हलवत. धाकटीनं यंत्रं बंद करायला हात पुढं केला होता तो तसाच राहिला होता, आणि वहिनी बादलीच्या कडेला बोट फिरवत होती. अण्णांचे डोळे भरले होते आणि त्यांना ते पुसता येत नव्हते, कारण दोन्ही हात बादलीला होते.

इतक्या वर्षांत आत्यानं या भावाविषयी गोठ्यात काय काय म्हटलं होतं. दगड म्हटलं होतं. समोरचं माणूस त्याला दिसत नाही म्हटलं होतं. आणि तो रोज सकाळी खिडकीत उभा होता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि या खेपेला दोन्ही गिळायला जागा उरली नव्हती. तिनं मफलर खाली ओढला.

"नाही," ती म्हणाली.

खरखरीत, फाटका आवाज, पण यंत्रांच्या वर चढला. इतक्या वर्षांचा सराव होता.

"नाही. वासरं विकायची नाहीत. मी कुठं जायची नाही. लिफ्ट नको मला. थंडीत मला एकटीला झेपत नाही, ते खरं आहे. सकाळचं पाणी आजपासून थोरला आणेल. मला माझी उन्हाची खोली परत हवीय. नवी चप्पल हवीय. आणि अण्णा, तू चुकतोयस. बादली इतकी तिरकी धरू नकोस, तिच्या नाकात दूध चाललंय."

गोठ्यातल्या सगळ्या वासरांनी एकदम माना वर केल्या. वहिनीच्या हातातली रिकामी बादली खाली पडली. "बोलल्या," ती थोरल्याचा दंड धरून म्हणाली, "मला टोमणा मारला. ऐकलास ना? खोलीवरून मारला." आणि तिचा चेहरा उजळला, कारण तिची इतक्या वर्षांची तयारी अखेर कामी येणार होती.

"ताई," अण्णा दटावत म्हणाले, "डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय."

आत्यानं मफलर पुन्हा वर ओढला. तिला जे मागायचं होतं ते मागून झालं होतं. थोरला व्यापाऱ्याला परत पाठवायला फाटकाकडं धावला. बापानं सांगायच्या आधी धावला आणि बापानं त्याला अडवलं नाही.

पाहुणी मात्र बादली सोडून आत्याच्या दिशेनं मान वळवून उभी होती, आणखी काही येतंय का ते बघत. तळाला अजून बरंच दूध होतं. अण्णांनी बाहीला डोळे पुसले, बादली सरळ केली, गुडघ्याच्या उंचीवर धरली आणि घसा खाकरला.

"बघितलंस?" ते पाहुणीला म्हणाले. "जन्मभर बोल बोल म्हटलं तर गप्प. आणि बोलली कधी, तर डॉक्टरांनी तोंड उघडू नको म्हटल्यावर."

पाहुणीनं मान वळवली आणि बादलीत तोंड घातलं.